मागचे दोन स्पीकर

बॅटरीची काळी तार सोडवून धाकटीने ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

तसं पाहिलं तर काम काही डोंगर उचलण्याचं नव्हतं. जुन्या गाडीतला कॅसेटचा सेट काढायचा, त्या जागी नवा बसवायचा आणि चार स्पीकर त्याला जोडायचे. दोन पुढच्या दारांत, दोन मागच्या काचेखालच्या फळीत. असली कामं तिने वडिलांच्या हाताखाली कितीतरी वेळा केली होती. पण हाताखाली केलेलं काम वेगळं. तिथे चूक झाली तर ती होण्याआधीच अप्पांचा खाकरा यायचा. आज खाकरणारं कुणी नव्हतं. अप्पा दवाखान्यात होते, डोळ्याच्या ऑपरेशनला.

ती एकतीस वर्षांची होती, पण घरात तिला धाकटी म्हणत, त्यामुळे गल्लीही धाकटीच म्हणे. घर वरच्या मजल्यावर, खाली अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता तिथे रेडिओ कमी आणि मिक्सर, इस्त्र्या, स्पीकरच जास्त येत. दहा वर्षं ती त्या दुकानात बसत होती आणि गिऱ्हाईकं अजून तिला विचारत, “अप्पा कधी येतील?”

दुकान पुढे चालवायचं की बंद करायचं, याचा निकाल आज लागायचा होता. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या एका मित्राला तिथे मोबाईलची कव्हरं विकायची होती. दवाखान्यात निघण्याआधी अप्पा पायरीवर बसून चपला घालत होते, तेव्हा दादाने विषय काढला.

“डोळा करून आलो की ठरवीन,” अप्पा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “धाकटे, गाडीचा नवा सेट आणून पडलाय. तो तू बसव, एकटीने. मला विचारायचं नाही. परवा मला आणायला त्याच गाडीने ये. डोळ्याला पट्टी असेल, कानांना नसेल. मी ऐकेन.”

“आणि नाही वाजला तर?” दादाने विचारलं.

“तर तुझ्या मित्राला सांग, शटरला तेल घालून घे.”

दादा हसला होता. तिला हसू आलं नव्हतं. अप्पांचे कान तिला ठाऊक होते. वरच्या मजल्यावर जेवताना खाली फिरणाऱ्या मिक्सरचा बुश गेलाय, हे ते घास न थांबवता सांगत.

तो परवा म्हणजे आज. पाच वाजता दवाखान्यातून सोडणार होते.

तिने डॅशबोर्डची चौकट हळूच मोकळी केली. तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने अप्पांची सही होती आणि खाली तारीख, अठरा वर्षांपूर्वीची. हा दुकानाचा रिवाज होता. ज्याने वस्तू उघडली त्याने ती बंद करण्याआधी आत सही करायची. “पुढच्याला शिव्या कुणाला द्यायच्या ते कळायला नको?” असं अप्पा लहानपणी तिला समजावत, आणि तिच्या हातात पेन्सिलीचा तुकडा देत. सात वर्षांची असताना तिने घरातल्या गजराच्या घड्याळात सही केली होती. ते घड्याळ त्यानंतर चाललं नाही, पण सही होती.

सेटच्या मागून निघणाऱ्या तारा अप्पांनी एका पट्टीवर आणून स्क्रूंखाली बसवल्या होत्या. पुढच्या स्पीकरांच्या दोन-दोन, मागच्यांच्या दोन-दोन. तिथून पुढे सगळा जुडगा काळ्या कापडी टेपमध्ये गुंडाळलेला. ते गुंडाळणं बघत राहावं असं होतं. एक वेढा दुसऱ्यावर बरोबर निम्मा चढलेला, कुठे सुरकुती नाही, टोक आत खोचलेलं. धाकटीने त्यावरून बोट फिरवलं आणि पुढच्या कामाला लागली.

तिने घाई केली नाही. आधी कागदावर चित्र काढलं. नव्या सेटची पुस्तिका दोनदा वाचली. त्यात एक ओळ चौकटीत छापली होती, की स्पीकरची कुठलीही तार गाडीच्या पत्र्याला लागता कामा नये, लागली तर सेट निकामी होईल. तिने त्या ओळीखाली रेघ मारली. मग एकेक तार सोलली, पिळली, कथिलाचा डाग दिला, वर नळी चढवून गरम करून आवळली. मागच्या फळीतले जुने स्पीकर फाटले होते, तिथे नवे बसवले. फळीखालीही तसाच काळ्या टेपमधला जुडगा होता आणि त्याच्या टोकाला अप्पांनीच ठेवलेली दोन पायांची पिन. ती नुसती खुपसायची होती.

बारा वाजता तिने बॅटरी जोडली आणि पुढचे दोन स्पीकर तेवढे पट्टीवर लावून सेट चालू केला. पुढची दोन्ही दारं गाऊ लागली. आवाज स्वच्छ होता, मागे गुणगुण नाही, खरखर नाही. तिच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं.

दादाचा फोन आला. तो दवाखान्यात अप्पांपाशी होता.

“काय मिस्त्री, धूर निघाला का?”

“अजून नाही.”

“निघाला की कळव. मी टॅक्सी सांगून ठेवतो.”

“अप्पा काय करतायत?”

“झोपलेत. मघाशी विचारत होते, किती वाजले. नर्सला वाटलं जेवणाचं विचारतायत.”

तिने फोन ठेवला आणि जेवायला वर गेली. आईने वाढलं, पण तिने ताट निम्म्यातच सरकवलं. आई म्हणाली, “अगं, पुढचे वाजले ना? मग झालंच की.” आई चाळीस वर्षं या घरात राहूनही ‘झालंच की’ म्हणू शकत होती, याचं धाकटीला नवल वाटलं.

दोन वाजता तिने पुन्हा बॅटरी सोडवली, मागच्या स्पीकरांच्या चार तारा पट्टीवर आवळल्या, बॅटरी लावली आणि सेटचं बटण दाबलं.

टक् असा बारीक आवाज झाला. सेटवरचे आकडे उजळले. आवाज आला नाही. मागून नाही आणि पुढूनही नाही.

तिने आवाज वाढवला. काही नाही. तळहात सेटच्या पाठीला लावला, तर ती तापायला लागली होती. तिने धावत जाऊन बॅटरीची तार उपटली. मग बोनेटपाशी उभी राहून ती नुसती वास घेत राहिली. जळका वास नव्हता. पण निकामी व्हायला वास यावाच लागतो असंही नाही, हे दुकानात बसणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

तिचं काहीतरी चुकलं होतं. तिने चित्र काढलं आणि पुस्तिकेत पाहून प्रत्येक रंग जुळवला. जुळत होता. आपल्या नळ्या कापून डाग उघडे केले, भिंगाखाली पाहिले. चकचकीत होते. पुन्हा नळ्या चढवल्या. मग मागे जाऊन नवे स्पीकर फळीतून काढले, त्यांच्या तारा लावायच्या पत्र्याच्या जिभा कुठे टेकतायत का पाहिलं, खाली रबराच्या चकत्या घातल्या आणि परत बसवले. पुन्हा बॅटरी. पुन्हा टक्, पुन्हा शांतता, पुन्हा ती धावली. तिसऱ्या वेळी तिने मागच्या चार तारा पट्टीवरून काढून पाहिलं. क्षणभर काही झालं नाही आणि मग पुढची दारं गायला लागली. सेट जिवंत होता. तिला तिथेच बसावंसं वाटलं. घोडं मागच्याच दोघांत अडलं होतं. पण मागच्यांसाठी तिचं काम होतं तरी किती? चार डाग. ते चार डाग तिने पुन्हा उघडले.

साडेतीनला दादाचा फोन. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

“साडेचारलाच सोडतायत गं. डॉक्टरांना कुठे जायचंय. येशील ना? अप्पा टॅक्सीला नाही म्हणतायत.”

“येते,” ती म्हणाली.

दवाखाना पंचवीस मिनिटांवर. म्हणजे हातात अर्धा तास. तिने मीटर काढला आणि त्याच्या दांड्या पुन्हा आपल्याच डागांना लावल्या.

समोरच्या दुकानातले शिंपीकाका सकाळपासून मशीनवरून मान वर करकरून बघत होते. आता ते गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून आले.

“किती वेळा तेच उसवतेस गं?”

“चौथ्यांदा.”

“तुझीच शिवण?”

“माझीच. चूक माझीच असणार ना, काका. बाकी सगळं अप्पांचं आहे.”

शिंपीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “माझ्याकडे कोट येतो ना ढिला करायला, वरून शिवण घालतो मी. आणि घातल्यावर कोट ओढला गेला, चुण्या पडल्या, तर मी माझी शिवण बघत बसत नाही. अस्तर उघडतो. आधीच्या शिंप्याने आत काय करून ठेवलंय ते बघतो.”

“आणि आधीचा शिंपी तुमचा बाप असेल तर?”

“तर आधी उसवायचं ते त्याचंच. त्याने आपल्याला शिकवायच्या आधी शिवलेलं असतं.”

काका परत गेले. धाकटी फळीखालच्या त्या काळ्या टेपकडे बघत बसली. मग तिने मीटरची एक दांडी मागच्या स्पीकरच्या काळ्या तारेला लावली आणि दुसरी, नुसतं बघावं म्हणून, गाडीच्या उघड्या पत्र्याला.

मीटर ओरडला. तार पत्र्याला लागलेली होती.

तिने पातं घेतलं. टेपवर ठेवलं आणि हात थांबला. अठरा वर्षं ते वेढे कुणी हलवले नव्हते. मग तिने कापलं. आत, वीतभर अंतरावर, काळी तार संपत होती. तिच्या टोकाला एक पितळी चकती होती आणि चकती स्क्रूने सरळ पत्र्यात पिळलेली. पुढे गेली होती ती फक्त एक तार. तिने पळत जाऊन डॅशबोर्डमागचा जुडगा कापला. पुढच्यांच्या दोन-दोन तारा सलग होत्या, मागच्यांचं तिथेही तेच. बाहेर दिसायला दोन तारा, आत एक. दुसऱ्या तारेचं काम अप्पांनी गाडीच्या अंगाकडून करून घेतलं होतं.

जुन्या सेटांना ते चालायचं. तेव्हा सगळेच तसं करत. अप्पांची तर ती जन्माची खोड, जिथे एका तारेत भागतं तिथे दोन घालायच्या नाहीत. वरच्या घरातली दारावरची घंटासुद्धा पाण्याच्या नळाला अर्धी जोडलेली होती. तिला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आणि अप्पांचं एक वाक्यही तिला माहीत होतं, जे ते दुकानात आलेल्या प्रत्येक शिकाऊला ऐकवत, की दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय त्यावर आपलं जोडायचं नाही. दुसरा कोण, ते तिने मनाशी कधी धरलं नव्हतं. अप्पा त्यात येत नसत, एवढं तिने न विचारता ठरवून टाकलं होतं.

पावणेचार.

मागे नवी दुपदरी जोडतार न्यायची तर दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पट्ट्या उखडायच्या, कार्पेट उचलायचं, सीट सोडवायच्या. दीड तास. तिच्याकडे वीस मिनिटं होती.

पण वीस मिनिटांत दुसरं काहीतरी होण्यासारखं होतं. तार कार्पेटच्या वरूनच न्यायची. सीटखालून सरळ मागे, वर पायपुसणी टाकली की दिसणार नाही. दिसायचं कुणाला, अप्पांच्या डोळ्याला पट्टी. चारही वाजतील. निकाल लागेल. कार्पेटखाली काय ते उद्या करता येईल.

तिने घरातून लांब वेटोळं आणलं. तार सोडत सोडत डाव्या सीटखालून मागे नेली. ती सीटच्या लोखंडी रुळाला घासून जात होती. धाकटीने ती बोटाने बाजूला सारली. ती परत रुळावर आली. पुन्हा सारली. मग गुडघ्यांवर बसून तिने त्या रुळाकडे पाहिलं, त्याची कड बोटाने चाचपली आणि तार ओढून बाहेर काढली. वेटोळं तिने कसंतरी गुंडाळून बाजूला टाकलं.

मागच्या चारही तारांची टोकं तिने एकेकटी टेपने बंद केली. पुढचे दोन लावले. कापलेला टेपचा तुकडा, त्यातली चकती आणि स्क्रू खिशात टाकला. हात धुतले, पण काळं निघालं नाही.

दवाखान्याच्या दारात अप्पा खुर्चीवर बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर मोठा काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्याने त्यांना नुसता उजेड दिसे. दादाने पिशवी मागे टाकली आणि तो मागेच बसला. अप्पा पुढे बसले. बसल्या बसल्या त्यांनी सवयीने सीटखालची दांडी ओढली आणि पाय लांब करायला सीट मागे रेटली. लोखंडी रुळावरून ती करकरत गेली, जिथे तार राहिली असती बरोबर तिथून.

“अप्पा, मला एक सांगायचंय.”

“आधी लाव.”

तिने सेट लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिला चौक गेला. अप्पा मान जराशी तिरकी करून बसले होते.

“पुढचे चांगले आहेत,” अप्पा म्हणाले. “मागचे दोन नाहीत.”

“नाहीत,” ती म्हणाली. “मीच सोडवलेत.”

“बघा,” दादा मागून म्हणाला. “मी म्हणत होतो टॅक्सी करू.”

“तू गप्प बस,” अप्पा म्हणाले. “धाकटे, का सोडवलेत?”

तिने सांगितलं. टक् झालं ते, सेट तापला ते. टेप कापला तेही. खिशातला तुकडा काढून तिने सिग्नलला थांबल्यावर अप्पांच्या हातावर ठेवला. अप्पांनी तो अंगठ्याने चाचपला. चकती, स्क्रू, मग टेपचे वेढे.

“माझंच,” ते म्हणाले. “बिघडलं किती वाजता?”

“दोनला.”

“कळलं किती वाजता?”

“पावणेचार.”

“पावणेदोन तास काय करत होतीस?”

“माझेच डाग तपासत होते. चार वेळा.”

“माझे का नाही तपासलेस?”

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. धाकटीने गियर टाकला.

“तुमचे होते म्हणून.”

गाडी बाजारातून गेली, पुलावरून गेली. सेट वाजतच होता आणि तो बंद करावा की नाही हेही तिला सुचत नव्हतं. दादा मागे सरकून बसला, पुन्हा पुढे आला.

“वरून तार टाकून आणता आली असती,” अप्पा शेवटी म्हणाले. “चारही वाजले असते.”

“टाकली होती. काढली.”

“का?”

“तुम्ही बसलात की सीट मागे घेता.”

अप्पांनी हात खाली नेला, सीटखालच्या रुळावर बोट फिरवलं आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

गाडी दुकानासमोर थांबली. शिंपीकाकांनी मशीन थांबवून मान वर केली. आई जिन्यात उभी होती. अप्पांनी दार उघडलं, पण उतरले नाहीत.

“आत माझी सही असेल.”

“आहे. चौकटीमागे.”

“तिच्याखाली काय लिहिलंस?”

“काहीच नाही. काम पुरं कुठे झालंय?”

“झालं की लिही. माझी खोडू नकोस. तिथेच खाली लिही, एक तार होती, दोन केल्या. म्हणजे पुढच्याला कळेल शिव्या कुणाला द्यायच्या.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या दिशेने धरला. अंदाज थोडा चुकला, तो गियरच्या दांड्यावर आपटला. “डॉक्टरने वाकायला मनाई केलीय. शटर उचलायला तर नाहीच. सकाळी नऊला उघड.”

“किती दिवस मनाई आहे?” दादाने मागून विचारलं.

“महिना.”

“आणि महिन्यानंतर?”

“महिन्यानंतर मी गिऱ्हाईक म्हणून येईन,” अप्पा म्हणाले. “माझे मागचे दोन स्पीकर तोवर लागलेले असले म्हणजे झालं. हात दे रे, उतरव मला. आणि तुझ्या मित्राला सांग, तेल नको.”

दादाने त्यांना धरून जिन्याकडे नेलं. धाकटी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग तिला आठवलं, दोन जोडतारा मागेपर्यंत न्यायला घरातलं ते एक वेटोळं पुरणार नव्हतं. ती उतरली, किल्ली लावली आणि शटर अर्धं वर करून वाकून आत गेली, वेटोळी मोजायला.